निर्भय कार्यसंस्कृतीची घडण : संस्थाप्रमुखाच्या कर्तव्याचा विचार

कोणतीही संस्था, मग ती कारखाना असो, रुग्णालय असो, विद्यापीठ असो वा शासनाचे एखादे खाते असो, तिच्या प्रमुखास मिळणाऱ्या माहितीवर चालते. ही माहिती प्रमुखास बहुधा स्वतःच्या डोळ्यांनी मिळत नाही. हाताखालील माणसांच्या तोंडून अथवा त्यांच्या टिपणांतून ती वर येते. पुलाचा पाया कोठे खचू लागला आहे हे प्रथम मुकादमास कळते, औषधाची मात्रा चुकली आहे हे प्रथम परिचारिकेस दिसते आणि हिशेबातील तफावत प्रथम कारकुनाच्या नजरेस येते. ज्यास प्रथम दिसते त्याच्या हाती अधिकार नसतो, आणि ज्याच्या हाती अधिकार असतो त्यास ते सर्वांत शेवटी कळते, ही मोठ्या संस्थांची स्वाभाविक अडचण होय. ती दूर होण्याचा मार्ग एकच आहे : ज्यास दिसले त्याने ते सांगितले पाहिजे. परंतु तो सांगेल की गप्प राहील, हे केवळ त्याच्या स्वभावावर अवलंबून नसते. ते फार मोठ्या प्रमाणात त्याच्या प्रमुखाने निर्माण केलेल्या वातावरणावर अवलंबून असते. या वातावरणाचे स्वरूप कोणते आणि ते कसे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. व्यक्तीचे धैर्य आणि संस्थेचे धैर्य

सत्यकथनाच्या धैर्याचे उदाहरण शोधण्यासाठी महाराष्ट्रास दूर जावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस त्याबद्दल दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज त्यांस शुद्धी नाही असे त्यांच्या तोंडावर सांगितले आणि पदाचा त्याग करून पुणे सोडले, ही हकीकत परंपरेने चालत आली आहे. रामशास्त्र्यांचा नि:स्पृहपणा येथे निर्विवाद आहे. तथापि संस्थेच्या दृष्टीने पाहिले असता याच हकीकतीची दुसरी बाजू दिसू लागते. सत्य बोलणाऱ्यास पद सोडावे लागले आणि ज्यांनी ते ऐकावयाचे ते जागच्या जागी राहिले. दरबारात त्या दिवशी एक धैर्यवान पुरुष होता. दरबार मात्र धैर्यवान नव्हता.

हा भेद महत्त्वाचा आहे. ज्या कार्यालयात खरे बोलण्यासाठी रामशास्त्र्यांचे मनोबल लागते, तेथे खरे बोलणारे विरळाच सापडणार. सामान्य मनोबलाचा, संसाराची जबाबदारी अंगावर असलेला, नोकरीची गरज असलेला मनुष्यही जेथे आपली शंका, आपला मतभेद किंवा आपली चूक वरिष्ठांपुढे मांडू शकतो आणि त्यामुळे आपली मानहानी अथवा हानी होणार नाही असा सार्थ विश्वास बाळगू शकतो, त्या कार्यालयाची संस्कृती निर्भय म्हणावी. म्हणजेच, निर्भय संस्कृतीचे लक्षण वीरपुरुषांची विपुलता हे नसून वीरपुरुषांची गरज न उरणे हे आहे.

२. मौन कसे निर्माण होते : एका रात्रीची सभा

चांगल्या शिक्षणाची, सचोटीची माणसेही ऐनवेळी गप्प कशी होतात, याचे अत्यंत बारकाईने नोंदलेले उदाहरण अमेरिकेच्या अवकाशकार्यक्रमात सापडते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जणांचा अंत झाला. घन इंधनाच्या अग्निबाणाचे भाग जेथे जोडलेले होते, त्या सांध्यातील रबरी कड्यांनी थंडीमुळे आपले काम केले नाही, हे त्याचे यांत्रिक कारण. परंतु या कारणाची पूर्वसूचना अभियंत्यांना होती. अग्निबाण तयार करणाऱ्या मॉर्टन थायोकॉल या कंपनीतील रॉजर बोझोले या अभियंत्याने जुलै १९८५ मध्येच आपल्या वरिष्ठांना या सांध्याच्या धोक्याविषयी लेखी इशारा दिला होता.

उड्डाणाच्या आदल्या रात्री कंपनी आणि नासाचे अधिकारी यांची दूरध्वनीवरून सभा झाली. तापमान सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली असता उड्डाण करू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांनी सुचविले. त्या रात्री तर पारा गोठणबिंदूखाली उतरणार होता. ही शिफारस ऐकून नासाच्या अधिकाऱ्यांनी तीव्र नापसंती दर्शविली. उड्डाण काय एप्रिलपर्यंत लांबवावयाचे, अशा आशयाचा प्रश्न एका अधिकाऱ्याने विचारला. तेव्हा कंपनीने आपसांत विचार करण्यासाठी थोडा अवधी मागून घेतला. या अवधीत बोझोले आणि त्यांचे एक सहकारी यांनी पुन्हा आपले म्हणणे मांडले; पण अखेर निर्णय चार व्यवस्थापकांनीच घेतला. त्यांपैकी अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखास, अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास वरिष्ठांनी सांगितले. शिफारस बदलली. सभा पुन्हा सुरू झाल्यावर कोणाचे मत वेगळे आहे काय, अशी विचारणा नासाच्या बाजूने झाली. कोणीही उत्तर दिले नाही.

या घटनाक्रमातील तीन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, त्या रात्री पुराव्याची जबाबदारी उलटी फिरली. एरव्ही उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार शंका घेणाऱ्यांवर पडला. शंकेजवळ पूर्ण पुरावा नसतो. तो असता तर तिला शंका म्हटलेच नसते. दुसरी गोष्ट अशी की, अधिकाऱ्यांची पहिली प्रतिक्रियाच पुढील सर्व चर्चेचे भवितव्य ठरवून गेली. कोणीही बोलण्यास बंदी केली नव्हती. फक्त बोललेले आवडले नाही, एवढेच दिसले, आणि तेवढे पुरेसे झाले. तिसरी गोष्ट, शेवटी मतभेद विचारण्यात आला. परंतु निर्णय झाल्यानंतर, सर्वांसमक्ष, वरिष्ठाच्या तोंडून विचारलेला असा प्रश्न हा प्रश्न नसतो, तो एक उपचार असतो. त्यास मिळालेले मौन संमती म्हणून नोंदले गेले.

कंपनीचे ॲलन मॅकडोनल्ड हे त्या वेळी उड्डाणस्थळी होते. त्यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला आणि पुढे चौकशी आयोगापुढे घडलेली हकीकत उघड केली. त्यानंतर कंपनीने त्यांस पूर्वीच्या कामावरून दूर केले. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यावर कडक प्रतिक्रिया उमटली, तेव्हा कोठे सांध्याची पुनर्रचना करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. बोलणाऱ्याचे पुढे काय होते, हे सर्व कार्यालय पाहत असते. नियमपुस्तिकेपेक्षा हाच धडा त्याच्या मनात अधिक खोल उतरतो.

३. गप्प राहण्यातील हिशेब

कनिष्ठ मनुष्य गप्प राहतो तो भित्रा असतो म्हणून, हे स्पष्टीकरण सोपे आहे. परंतु अपुरे आहे. त्याच्या मनात एक हिशेब चाललेला असतो. बोलण्याचा लाभ संस्थेला होतो, तो उशिरा होतो, आणि तो झाला तरी दिसत नाही. कारण टळलेला अपघात कोणालाच दिसत नसतो. बोलण्याचे नुकसान मात्र त्यास स्वतःला होते, लगेच होते आणि निश्चितपणे होते : साहेबांच्या कपाळावरील आठी, सहकाऱ्यांचे हसू, गोपनीय अहवालातील एखादे वाक्य, अवेळी झालेली बदली. असा हिशेब असता गप्प राहणे हेच शहाणपण ठरते. प्रत्येक कार्यालयात ‘होयबा’ निपजतात ते याच जमिनीत. होयबा हा जन्मतः होयबा नसतो; होकाराचे बक्षीस आणि नकाराची शिक्षा त्याने अनेकदा पाहिलेली असते.

हा हिशेब किती फसवा असू शकतो, याचे एक उद्‌बोधक निरीक्षण एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णालयांतील परिचारिकांच्या निरनिराळ्या गटांत औषध देण्याच्या चुका किती होतात, हे त्या पाहत होत्या. चांगल्या नेतृत्वाच्या गटांत चुका कमी आढळतील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा गटांत चुकांच्या नोंदी अधिक आढळल्या. अधिक शोध घेता उलगडा झाला तो असा की, या गटांत चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर त्या लपविल्या जात नव्हत्या. १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांच्या अभ्यासातून त्यांनी या वातावरणाची आणि गटाच्या शिकण्याच्या वृत्तीची सांगड दाखवून दिली. संस्थाप्रमुखास यातून मिळणारी सूचना स्पष्ट आहे : ज्या विभागाकडून तक्रार किंवा चूक कधीच कळत नाही, तो विभाग निर्दोष आहे असे समजण्यापूर्वी तो भ्यालेला तर नाही ना, हे पाहिले पाहिजे.

४. वातावरण पालटता येते

अशी संस्कृती म्हणजे दैवयोग नव्हे; ती शिक्षणाने आणि सवयीने घडविता येते. याचे सर्वांत भक्कम प्रमाण नागरी विमानवाहतुकीत मिळते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाण करणाऱ्या विमानाचा मुख्य वैमानिक आपल्या कंपनीतील वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता. समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले नाही काय, अशी शंका विमान-अभियंत्याने बोलून दाखविली; मुख्य वैमानिकाने ती ठामपणे उडवून लावली आणि ती पुन्हा कोणी काढली नाही. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड शहराजवळ दुसरा अपघात झाला. चाकांच्या बिघाडात मुख्य वैमानिकाचे लक्ष गुंतले असता इंधन संपत गेले. सहकाऱ्यांनी इंधनाचा उल्लेख केला, पण तो पुरेशा ठामपणे केला नाही. विमान कोसळून दहा माणसे दगावली.

या अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने एक परिषद भरविली आणि तिच्यातून वैमानिकांच्या प्रशिक्षणाची एक नवी शाखा उदयास आली. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ती पुढे सर्वत्र रूढ झाली. तिची मुख्य शिकवण दुहेरी आहे. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत, आवश्यक तर पुन्हा पुन्हा मांडावी. आणि मुख्य वैमानिकाने ती मागून घ्यावी. या दुहेरीपणातच तिचे यश आहे. केवळ कनिष्ठास ‘धीट हो’ असे सांगून भागत नाही; ऐकण्याचेही प्रशिक्षण द्यावे लागते. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड कंपनीच्या एका विमानाची सर्व नियंत्रणव्यवस्था आकाशातच निकामी झाली. मुख्य वैमानिक आल्फ्रेड हेन्स यांनी सहकाऱ्यांचे आणि प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाचे साह्य घेऊन ते सू सिटी येथे कसेबसे उतरविले. २९६ पैकी १८४ माणसे वाचली. या यशाचे श्रेय हेन्स यांनी स्वतःच्या कौशल्यास न देता या प्रशिक्षणास दिले.

मात्र एकदा कमावलेली निर्भयता कायम टिकतेच असे नाही. ‘चॅलेंजर’नंतर सतरा वर्षांनी, १ फेब्रुवारी २००३ रोजी, ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. कल्पना चावला या त्याच यानात होत्या. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा पंखावर आदळल्याचे अभियंत्यांनी पाहिले होते आणि यानाची छायाचित्रे मिळावीत अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. यान असुरक्षित आहे हे अभियंत्यांनीच सिद्ध करावे, अशी उलटी अपेक्षा पुन्हा उत्पन्न झाली होती, असे चौकशी मंडळाने नोंदविले. आणि फेसाइतकीच संस्थेची संस्कृतीही या अपघातास कारण झाली, असा निष्कर्ष काढला.

५. प्रमुखाची पाच कर्तव्ये

वरील उदाहरणांवरून संस्थाप्रमुखाची काही ठोस कर्तव्ये निष्पन्न होतात.

(अ) पुराव्याचा भार आधी ठरविणे. ज्या कामात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, तेथे काम सुरक्षित आहे हे सिद्ध करावयाचे की असुरक्षित आहे हे, याचा नियम घाई नसताना ठरवून लिहून ठेवावा. घाईच्या वेळी तो ठरवू गेल्यास घाईच जिंकते.

(आ) बोलण्याचा क्रम पाळणे. सैनिकी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ सदस्याचे मत प्रथम घेण्याची जुनी प्रथा आहे. वरिष्ठाचे मत कळल्यावर कनिष्ठाचे मत स्वतंत्र राहत नाही, हे तिचे मर्म. प्रत्येक बैठकीत प्रमुखाने शेवटी बोलावे. ‘कोणाला काही म्हणावयाचे आहे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘या योजनेत कोणते दोन दोष दिसतात?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नास मौन हे उत्तर चालते. दुसऱ्यास चालत नाही.

(इ) पहिल्या प्रतिक्रियेस आवर घालणे आणि दखल घेतल्याचे दाखविणे. टोयोटा कंपनीच्या कारखान्यांत कोणताही कामगार दोष दिसताच दोरी ओढून साह्य मागू शकतो. दोष वेळेत दूर न झाल्यास उत्पादनाची साखळी थांबते. टोयोटा उद्योगसमूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनविला होता. त्याच तत्त्वाचा हा विस्तार होय. परंतु या व्यवस्थेचे सामर्थ्य दोरीत नाही. दोरी ओढताच गटप्रमुख धावत येतो आणि ‘कोणी ओढली?’ असे न विचारता ‘काय झाले?’ असे विचारतो, यात ते आहे. ज्या कार्यालयात सूचनापेटी आहे पण सूचनेचे पुढे काय झाले हे कळत नाही, तेथे ती पेटी लवकरच रिकामी राहू लागते.

(ई) अपयश स्वतःकडे घेणे. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताच्या एस.एल.व्ही.-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले. या मोहिमेची सूत्रे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे होती आणि संगणकाने थांबविलेले उड्डाण पुढे नेण्याचा निर्णयही त्यांचाच होता. परंतु वार्ताहरांपुढे इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी होऊन रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा वार्ताहरांपुढे त्यांनी कलामांस पाठविले. कलाम पुढे ही हकीकत अनेकदा सांगत असत. धवन यांच्या या कृतीचा अर्थ केवळ औदार्य असा घेणे अपुरे होईल. ज्या मंडळींस अकरा महिन्यांत दोष शोधून काढावयाचे होते, त्यांनी ते लपवू नयेत, यासाठी ही कृती आवश्यकच होती. शिक्षेची भीती असता दोषांचा शोध हा दोषी माणसाचा शोध बनतो.

(उ) मतभेदास लेखी आणि कायदेशीर संरक्षण देणे. प्रमुखाच्या सौजन्यावर उभी असलेली निर्भयता त्याच्या बदलीबरोबर संपते. भारतीय शासनव्यवस्थेत फाईलवरील टिपणी हे मतभेदाचे जुने आणि मोलाचे साधन आहे. कनिष्ठाने लिहिलेले प्रतिकूल मत वरिष्ठास डावलता येते, पुसता येत नाही. तोंडी आदेश हा या साधनास लागलेला चोरदरवाजा होय. म्हणूनच ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर विसंबून काम करू नये, त्यांची लेखी नोंद व्हावी, असे सांगितले आणि निश्चित कार्यकालाचीही आवश्यकता प्रतिपादिली. महाराष्ट्राने बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या कायद्याने सामान्यतः तीन वर्षांचा कार्यकाल ठरविला आहे. असे कायदे सर्वथा पाळले जातात असे नाही. परंतु बदली ही सत्य बोलण्याची शिक्षा होऊ नये, हे तत्त्व त्यांनी मान्य केले आहे.

६. निर्भयता आणि शिस्त

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येकास बोलण्याची मुभा दिली, चुकांस क्षमा केली, तर शिस्त कोठे उरणार? आक्षेप गंभीर आहे. पण त्याचा आधार एका गैरसमजात आहे. निर्भयता म्हणजे शिथिलता नव्हे. प्रामाणिक चूक, पत्करलेला धोका आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून शिकावे, दुसरीस आवर घालावा, तिसरीस शासन करावे. या तिन्हींस एकच दंड दिला तर लोक पहिली लपवितात. तिन्हींस एकच क्षमा केली तर तिसरी बोकाळते. तसेच मतभेदाचीही एक मर्यादा असते. निर्णयापूर्वी प्रत्येकास बोलण्याचा अधिकार असावा. निर्णयानंतर, नीतीस अथवा जिवास धोका नसेल तर, सर्वांनी तो एकदिलाने पार पाडावा. ज्याचे म्हणणे खरोखर ऐकून घेतले गेले, तो प्रतिकूल निर्णयही अधिक मनापासून पाळतो. शिस्तीचा खरा पाया हाच आहे.

कार्यालयातील आदरभाव ही भारतीय जीवनाची एक मोठी संपत्ती आहे. तिचा त्याग करण्याचे कारण नाही. परंतु वडिलधाऱ्यास खड्डा दाखविणे हा अनादर नव्हे आणि दिसत असूनही न दाखविणे हा आदर नव्हे, एवढा विवेक त्या आदरभावास लाभला पाहिजे. तो लाभण्याची सुरुवात खालून होत नाही, वरून होते. हाताखालच्या मनुष्याने प्रथमच चाचरत एखादी अप्रिय गोष्ट सांगितली, त्या क्षणी प्रमुखाच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यावरून पुढील अनेक वर्षे त्या कार्यालयात काय बोलले जाईल आणि काय बोलले जाणार नाही, हे ठरत असते.